सात बिशप आणि पोडावरची तेरेजाबाई

वणीच्या फलाटावर उतरले तेव्हा माझ्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी बर्थखाली कुठे सरकली ते शेवटपर्यंत कळले नाही, आणि गाडी तिथे जेमतेम दोन मिनिटे थांबते. समोरच्या बर्थवरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही उतरा, मी दारातून टाकते," आणि गाडी सुटता सुटता त्यांनी खरोखरच एक चप्पल टाकली. ती त्यांच्या नवऱ्याची निघाली. सात बिशपांच्या बैठकीचे इतिवृत्त लिहायला वसईहून एवढा लांबचा प्रवास करून आलेली मी, एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात कुणा अनोळखी गृहस्थाची भली मोठी कोल्हापुरी घालून यवतमाळ जिल्ह्यात दाखल झाले.

न्यायला सिद्धार्थभाऊ आले होते. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, मिशनची गाडी चालवणारे. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले, हसले नाहीत, आणि गाडी सरळ बाजारात एका दुकानापुढे उभी केली.

"घेऊन टाका टीचर. मंग जाऊ. तथी समदे मोठे लोक येऊन राह्यले."

मी पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. आमच्या भागातल्या सात धर्मप्रांतांचे (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालचा मुलूख) बिशप काही वर्षांनी एकदा एकत्र बसतात, चर्चच्या जगण्याचा आढावा घेतात आणि पुढे कशावर भर द्यायचा ते ठरवतात. एरवी ही बैठक मोठ्या शहरात होते. या वेळी त्यांच्यातलेच एक जण म्हणाले की आपण दूरच्या लोकांबद्दल फार बोलतो, एकदा दूर जाऊन बोलू. म्हणून मुकुटबनजवळच्या मिशनच्या आवारात तीन दिवस बसायचे ठरले. चर्चा इंग्रजीत चालणार होती, ठराव मात्र मराठीत हवा होता. मागच्या ठरावाचे भाषांतर आमच्या देवळात (आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो) वाचून दाखवले, तेव्हा शेजारच्या रेमेदबाईंनी मला हळूच विचारले होते, "कोण वारले गं?" ही गोष्ट कुणीतरी वरपर्यंत पोहोचवली असावी. कारण या खेपेला पत्र मला आले.

बिशपांची नावे इथे लिहीत नाही. मोकळेपणाने बोलता यावे म्हणून कुणाचे नाव बाहेर न्यायचे नाही असे पहिल्याच दिवशी ठरले होते, आणि मीही मान डोलावली होती.

वणी सोडल्यावर काही वेळ कोळशाच्या ट्रकांची सोबत होती. रस्त्याकडेची झाडे, टपऱ्या, टपरीवरचा माणूस, सगळ्यांवर एकच काळपट पूड. मग ट्रक मागे राहिले आणि काळी जमीन मोकळी दिसू लागली. फेब्रुवारीचा मधला काळ होता. शेतांत वेचून झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडे) उभ्या होत्या, त्यांच्या बोंडांना कापसाची तुरळक चिंधी लटकलेली. सागाने पाने टाकायला सुरुवात केली होती. उघड्या पडलेल्या जंगलात पळस तेवढा पेटल्यासारखा दिसत होता.

"हे बिशप म्हणजे काय असते, टीचर?" सिद्धार्थभाऊंनी विचारले. "आमदारासारखं?"

"नाही. ते मते मागत नाहीत."

"मंग बरं हाये," ते म्हणाले.

मिशनचे आवार म्हणजे एक कौलारू इमारत, सिस्टरांचा छोटा दवाखाना, मुलींचे वसतिगृह आणि दोन चिंचा. मी सात बिशपांची कल्पना केली होती ती देवळातल्या मोठ्या सणाची, डोक्यावर उंच टोप आणि हातात दंड. आवारात शिरले तर त्यांतले एक जण लुंगी लावून, बादली घेऊन नळापाशी आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे. वीज गेलेली, पंप बंद. दुसरे जण त्यांना सांगत होते की आपल्या काळच्या सेमिनरीत (फादर होण्याच्या शाळेत) विहीर होती आणि विहिरीला वीज लागत नसे.

दुपारच्या जेवणाला ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत आणि लसणाचा ठेचा होता. दवाखाना पाहणाऱ्या सिस्टर निर्मला स्वतः वाढत होत्या. किनाऱ्याकडच्या एका बिशपांनी चटणी समजून ठेचा चमचाभर घेतला आणि नंतर तांब्याभर पाणी संपवले. पुढचा सबंध दिवस मला याच बिशपांबरोबर काढायचा होता. पंचावन्नच्या आसपासचे, उंच, घरची भाषा कोंकणी. मराठी शिकले होते, पण पुस्तकातून, त्यामुळे ते एखाद्या पत्रातल्यासारखे बोलत. मी त्यांना इथे किनाऱ्याचे बिशप म्हणते.

पहिल्या दिवशी मी पाने भरभरून लिहिले. धर्मगुरू व्हायला पुढे येणारी मुले कमी झाली. शिकलेली मुले पुण्याला, हैदराबादला जातात आणि तिथे कुठल्याच देवळाच्या वहीत त्यांचे नाव नसते. लग्ने आंतरधर्मीय होतात आणि घरच्यांशी कसे बोलावे ते फादरांना सुचत नाही. बायका सगळी कामे करतात आणि निर्णयाच्या टेबलाशी दिसत नाहीत. हे शेवटचे वाक्य एका बिशपांनी उच्चारले, तेव्हा खोलीत बाई म्हणून मी एकटी होते आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घालून लिहीत राहिले.

संध्याकाळी विषय निघाला तो दूरच्या लहान केंद्रांचा. तिथले स्थानिक बिशप बोलायला उठले. सर्वांत वयस्कर, पांढऱ्या भुवयांचे, आवाज खोल गेलेला. त्यांचा प्रांत अफाट. फादर मोजके, त्यांतले दोघे आजारी. मुकुटबनचे फादर मोटारसायकलवर अकरा गावे पाहतात, मागच्या पावसाळ्यात पडून हात मोडून घेतला. तेव्हा चार लहान केंद्रे मुख्य केंद्रांत मिळवून टाकावीत, असे त्यांचे म्हणणे. इंग्रजी मसुद्यात त्यासाठी एक गुळगुळीत शब्द होता. मी त्याचे मराठी केले "सुसूत्रीकरण". मला शब्द बरा वाटला. कोणाला न दुखवणारा.

त्या चारांत झरी जामणीच्या जंगलातले एक पोड होते. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. तिथे नऊ घरे कॅथलिक. तिथले प्रचारक (फादर नसताना प्रार्थना घेणारे) योसेफ दोन वर्षांपूर्वी वारले आणि आता त्यांची विधवा तेरेजाबाई कुणाच्या परवानगीशिवाय रविवारची उपासना घेते, अशी एक तक्रार फाइलीत होती. दुसऱ्या दिवशी बिशपांनी दोन-तीन ठिकाणी जाऊन लोकांना भेटायचे होते. पोडावर जाऊन निर्णयाची कल्पना देण्याचे काम किनाऱ्याच्या बिशपांवर आले. वऱ्हाडी समजायला मदत म्हणून मी बरोबर.

सकाळी निघालो आणि तासाभरात एका तांड्यापाशी (बंजाऱ्यांची वस्ती) गाडीचे चाक बसले. जादाचे चाक काढले तर तेही बसलेले. सिद्धार्थभाऊंनी स्वतःच्याच कपाळाला हात लावला. तांड्यातला एक जण काही न विचारता चाक मोटारसायकलवर बांधून पंक्चरवाल्याकडे घेऊन गेला. आम्ही लिंबाखाली बसलो. बिशप पांढऱ्या झग्यात होते. ते पाहून एक म्हातारी काठी टेकत आली. हातभर पांढरे बलोये (चुडे), चेहरा सुरकुत्यांनी भरलेला.

"डाक्टर सायेब, माहा गुडघा पाहून द्या नं."

"मी डॉक्टर नाही, आजी," बिशप म्हणाले.

"मंग पांढरा कोट काहून घातला?"

बिशपांना हे पुरते कळले नाही. मी सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "मी प्रार्थना करणारा माणूस आहे."

"मंग थेच करा," म्हातारी म्हणाली. "डाक्टरनं बी काई केलं नाई."

बिशप खाली धुळीत बसले, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. म्हातारी त्यांच्या डोक्याकडे कौतुकाने पाहत राहिली. उठताना म्हणाली, "बरं वाटून नाई राह्यलं, पण माणूस चांगला हाये." मग तिने घरातून सूपभर हुळा (शेतातच भाजलेला ओला हरभरा) आणून आमच्यापुढे ठेवला. हात काळे होईपर्यंत आम्ही खात होतो.

खाता खाता बिशपांनी सिद्धार्थभाऊंना विचारले, "तुमच्या गावात पूजा कोण करते?"

"आमी बौद्ध आहो, सायेब. पूजा नाई, वंदना. विहार हाये आमच्या गावात. भन्तेजी वर्षातून एकखेप येते. बाकी आमचे आमीच घेतो. माही बायको घेते, कधी मी. माह्या आजानं दीक्षा घेतली तवापासून असंच चालू हाये."

"आणि कोणी तक्रार करत नाही?"

"कोणाची? वंदना घेतल्याची?" सिद्धार्थभाऊंना प्रश्नच कळला नाही. बिशप हरभऱ्याचे टरफल बोटांत चुरत राहिले.

पोडावर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. शेवटचा रस्ता पायी. बांबूच्या कुडाची, मातीने लिंपलेली पंचवीसेक घरे, आणि अंगणे इतकी स्वच्छ झाडलेली की नवी चप्पल घालून पाय ठेवायला मला संकोच वाटला. मधोमध चावडी, म्हणजे लाकडी खांबांवरचे उघडे छप्पर. वस्तीचे सगळे निर्णय तिथे होतात. प्रार्थनाघर कडेला होते. पत्र्याची एक खोली, दारावर सागाचा क्रूस.

तेरेजाबाई पुढे आली. साठीला टेकलेली, ठेंगणी, हिरवे लुगडे, कपाळावर गोंदण. तिने बिशपांच्या अंगठीला ओठ लावले नाहीत, पाया पडली नाही. दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "लय दूर पडलं नं, फादरबावा?"

मला वाटले होते की नऊ घरांची माणसे भेटतील. चावडीत सगळे पोड बसले होते. बाकीची घरे आपापले देव मानणारी, पण पाहुणे आले आणि गोष्ट निघणार म्हटल्यावर कोणी घरी राहिले नव्हते. वस्तीचे नाईक, म्हणजे प्रमुख, बिशपांच्या समोर बसले. बारीक, डोक्याला पंचा गुंडाळलेला म्हातारा.

बिशप उभे राहून त्यांच्या पुस्तकी मराठीत बोलू लागले. फादर कमी आहेत, अंतर मोठे आहे, अडचणी आहेत. शेवटी म्हणाले, "म्हणून या केंद्राचे सुसूत्रीकरण करण्याचा विचार चालू आहे."

सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. बिशपही माझ्याकडे पाहू लागले. तो शब्द माझा होता. त्याला सोपा पर्याय देणे माझे काम होते, आणि तिथे उभी राहून मी दोन-तीन पर्याय मनात फिरवले. एकही खरा नव्हता.

मी म्हणाले, "इथलं प्रार्थनाघर बंद करायचं म्हणतात."

तेरेजाबाईने मागे वळून कोलामीत ते सांगितले. एक-दोन शब्दांत सांगून झाले. एका बाईने मांडीवरचे लेकरू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घेतले.

मग नाईकांनी विचारले, "हे कोणं ठरवलं? तुमी एकल्यानं?"

"नाही," बिशप म्हणाले. "आम्ही सात जण बसलो आहोत. अजून ठरायचे आहे."

"म्हणजे तुमची बी चावडी हाये."

"हो. तसेच म्हणा."

"मंग यायच्यातलं कोणी होतं काय तुमच्या चावडीत?" नाईकांनी तेरेजाबाईकडे बोट केले. आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यांना खरेच माहिती हवी होती. "आमच्यात ज्याची गोष्ट हाये, थो बसल्याबिगर गोष्ट काढत नाई."

बिशपांचे कान लाल झाले होते.

तेरेजाबाई उठली. "थे पाहू मंग. आधी सोमाकडे चला, फादरबावा. थो वाट पाहून राह्यला."

सोमाचे बाप्तिस्म्याचे नाव सिमोन, पण ते त्यालाही आठवत नसावे. वयाचा अंदाज येईना. मागच्या वर्षीच्या झटक्याने त्याची एक बाजू गेली होती आणि बरोबर त्याची मराठीही गेली. आता तो बोलेल ते फक्त कोलामीत, तेही अस्पष्ट. दोन आठवड्यांपासून त्याने अन्न सोडले होते. घरात अंधार, गारवा. बाजेवर तो इतका थोडा उरला होता की आधी मला नुसते पांघरूणच दिसले. झग्याचा पांढरा रंग दिसताच त्याने चांगला हात उचलला.

"त्याले कुमसार करायचं हाये," तेरेजाबाई म्हणाली. कुमसार म्हणजे पापनिवेदन. मनावरचे ओझे फादरांच्या कानांत सांगून क्षमा मागायची.

बिशप बाजेच्या कडेवर बसले. मला म्हणाले, "त्यांना सांगा, मला शब्द कळले नाहीत तरी चालेल. त्यांनी त्यांच्या भाषेत बोलावे. देवाला कळते, मी क्षमा देईन."

मी तेरेजाबाईला सांगितले. तिने मान हलवली. "मुकुटबनचे फादर बी असंच म्हणले होते. सोमा आयकत नाई. थो म्हनते, ज्याले समजत नाई त्याले कायले सांगू?"

बिशप म्हणाले की अशा वेळी दुभाष्या चालतो. तेरेजाबाई कोलामीतून मराठीत सांगेल, सावकाश सांगितले तर त्यांना कळेल. पण दुभाष्यालाही फादरांसारखेच बंधन असते. जे कानावर पडेल ते मरेपर्यंत कोणाला सांगायचे नाही, सांगणे हे मोठे पाप आहे. हे तिला नीट समजावून द्या, असे त्यांनी मला सांगितले.

मी समजावले. शाळेत समजावत असे तसे, दोनदा. तेरेजाबाईने मधे न बोलता ऐकून घेतले.

"मले त्यानं समदं आधीच सांगतलं हाये, बाई," ती म्हणाली. "योसेफ गेला, सोमा पडला, कोलामी समजणारा फादर कोणी नाई. त थो म्हने, तूच आयक. म्या म्हनलं, मले माफ करता येत नाई, आयकता येते. मंग आयकलं. कोणाले सांगतलं नाई."

हे भाषांतर करायची गरज पडली नाही. बिशपांनी मला हाताने बाहेर जायची खूण केली. मी निघाले तेव्हा ते बाजेवर थोडे सरकून तेरेजाबाईसाठी जागा करत होते.

बाहेर अंगणात सोमाची सून मोहाच्या झाडाखालचा पाला झाडून काढत होती. फुले पडायला अजून अवकाश होता, पण जागा आधीपासून साफ ठेवावी लागते म्हणाली. मी तिच्याजवळ बसले. आतून तीन आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. घोगरा, तुटका आवाज. मग तेरेजाबाईचा बारीक, एकसुरी. मग बिशपांचा, हळू. मग पुन्हा घोगरा. एकदा रडण्याचा आवाज आला. तो तिघांपैकी कोणाचा ते मी ओळखण्याचा प्रयत्न केला नाही.

"मामंजी लय तिखट माणूस होते," सून खराटा थांबवून म्हणाली. "आता त झोपत बी नाई. डोये उघडे ठेवून पडून राह्यते."

किती वेळ गेला कोण जाणे. तेरेजाबाई दारात आली आणि सगळ्यांना आत बोलावले. बिशपांनी सोमाच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावले, कम्युनियनच्या पवित्र भाकरीचा बारीकसा तुकडा दिला. तेरेजाबाईने प्रभूची प्रार्थना कोलामीत सुरू केली. नऊ घरांची माणसे म्हणू लागली. दाराबाहेर उभे असलेले नाईकही हात जोडून होते. बिशपांना शब्द येत नव्हते, ते नुसते ओठ हलवत होते. प्रार्थना संपण्याआधीच सोमाला झोप लागली.

जेवण तेरेजाबाईकडे झाले. भाकर आणि अंबाडीची आंबट भाजी. तिला वाचता येत नाही हे बोलता बोलता कळले, तेव्हा बिशपांनी विचारले की मग ती रविवारी काय करते. ती म्हणाली, योसेफ शनिवारी घरात मोठ्याने वाचून तयारी करायचा, ती चुलीपाशी ऐकायची. इतकी वर्षे ऐकले, पाठ झाले. जे पाठ नाही ते सांगत नाही. एक लेकरू जन्मताच जाऊ लागले तेव्हा तिने पाणी ओतून बाप्तिस्मा दिला. दोन माणसे पुरली. "चुकलं असंन त सांगा," ती म्हणाली, आणि खरोखर उत्तराची वाट पाहत थांबली.

"नाही चुकले," बिशप म्हणाले.

परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले. "टीचर, ठरावातला तुमचा तो शब्द पुन्हा लिहा."

शेवटच्या दिवशी सकाळी मसुद्याचे वाचन होते. मी चौथ्या कलमाशी आले आणि वाचले, "खालील चार केंद्रे बंद करणे."

स्थानिक बिशपांनी मान वर केली. "हा शब्द आपण वापरला नव्हता."

मी म्हणाले, "नाही, स्वामी. पण काल पोडावर मला दुसरा सापडला नाही."

किनाऱ्याचे बिशप उठले. ते म्हणाले, "मी तिथे जे ऐकले ते मला सांगता येत नाही. इतकेच सांगतो की ऐकून घेणारे माणूस तिथे आधीपासून होते, आणि आपल्या फाइलीत तिच्याविरुद्ध तक्रार आहे." मग त्यांनी नाईकांचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

दोघा-तिघांनी आक्षेप घेतले, आणि ते खोटे नव्हते. फादर आणायचे कुठून? एका पोडासाठी नियम वाकवला तर बाकीच्यांचे काय? तेरेजाबाई आहे तोवर ठीक, पुढे? बोलणे तासभर चालले. स्थानिक बिशपांनी त्यात भाग घेतला नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"योसेफला बाप्तिस्मा मी दिला होता," ते म्हणाले. "तेव्हा मी नवा फादर होतो, पोडावर चालत जायचो, त्यांच्या चावडीत झोपायचो. बंद करायचे तर ते मीच जाऊन सांगायला हवे होते. मला तोंड दाखवायचे धैर्य झाले नाही, म्हणून पाहुण्याला पाठवले. हे इतिवृत्तात लिहा."

मी लिहिले. नंतर त्यांनी ते खोडायला सांगितले नाही.

ठरले ते असे. पोडावरचे प्रार्थनाघर चालू राहील. तेरेजाबाईला रीतसर प्रचारिका नेमायचे, आणि तिच्याजवळ शिकायला वस्तीतलीच एक बाई द्यायची. महिन्याचा एक ठरलेला रविवार फादर तिथे जातील. यापुढे कुठलेही केंद्र बंद करण्याआधी तिथल्या लोकांना बैठकीत बसवायचे. कोलामी शिकायला कोण तयार आहे, या प्रश्नावर मात्र कोणी बोलले नाही. तो रकाना मी रिकामाच ठेवला. बाकीच्या तिन्हींपैकी एक, जिथे दुसरे एक बिशप जाऊन आले होते, ते राहिले आणि दोन केंद्रे बंद झाली. नियम यापुढचा होता, आणि त्या दोन ठिकाणी आमच्यापैकी कोणी गेले नव्हते. त्या गावांची नावे लिहिताना मला अवघडल्यासारखे झाले. अजूनही होते.

निघताना सिस्टर निर्मलांनी प्रवासासाठी दशम्या (दुधात मळलेल्या पिठाच्या पोळ्या) बांधून दिल्या. वणीच्या फलाटावर सिद्धार्थभाऊ गाडी येईपर्यंत थांबले. "ठरलं काय?" त्यांनी विचारले. मी सांगितले. "म्हणजे घेऊ देनार तिले," ते म्हणाले आणि माझी पिशवी आत चढवली.

वसईला परतून तीन आठवडे झाले तेव्हा सिस्टरांचा फोन आला. सोमा आमच्या मागे पाच दिवसांनी गेला, झोपेत. फादरांना पोहोचायला दुसरा दिवस उजाडला, तोवर तेरेजाबाईने माती दिली होती. स्थानिक बिशप पुढच्या रविवारी स्वतः गेले, शेवटचा रस्ता काठी घेऊन चालले, आणि चावडीत बसले.

उपवासकाळ सुरू झाला होता. आमच्या देवळात या दिवसांत शनिवारी संध्याकाळी तीन ठिकाणी तीन फादर कुमसारासाठी बसतात. सगळे मराठी जाणणारे, सगळे जवळपासचेच. त्या शनिवारी रांगेत कोणी नव्हते. एक फादर जाळीमागे पुस्तक वाचत होते. मी सहा वर्षांत तिथे गेले नव्हते. बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसले आणि मग जाऊन गुडघे टेकले.

आजवर मी कुमसार प्रमाण मराठीत करत आले. मुलांना निबंध शिकवायचे त्याच मराठीत, वाक्ये आधी जुळवून. सुरुवातीचे वाक्य तोंडात तयारही होते. ते मी म्हटले नाही. विचारले, "फादर, तुम्हाला कादोडी येते?" कादोडी ही आमची घरातली बोली. माझ्या आईला दुसरी कुठलीच येत नव्हती.

"घरी तीच बोलतो," जाळीपलीकडून उत्तर आले.

मी कादोडीत सांगू लागले. वाक्ये नीट होईनात. जे सहा वर्षे टाळले होते ते पहिल्या दोन मिनिटांतच बाहेर आले, आणि मग मला पुढे बोलता येईना. पलीकडे पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

"सावकाश सांगा," फादर आमच्या बोलीत म्हणाले. "समजते मला."